भेदभाव झाला तर कुठल्या दारात जायचं? विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांसाठी

प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर समित्यांची एक यादी असते. अंतर्गत समिती, रॅगिंगविरोधी समिती, समान संधी कक्ष, अनुसूचित जाती-जमाती कक्ष, विद्यार्थी तक्रार निवारण समिती. ही यादी सहसा कुणी वाचत नाही, आणि वाचायची वेळ येते तेव्हा पुस्तिका सापडत नाही. हा लेख त्या यादीबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि संलग्न महाविद्यालयांत नव्याने येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. यातले बहुतेक नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे असल्याने दिल्लीला किंवा हैदराबादला शिकायला गेलेल्यांनाही ते लागू पडतील. रॅगिंगचा १९९९ चा कायदा तेवढा आपल्या राज्याचा आहे.

कागदावरचे नियम वाईट नाहीत. तक्रारी अडतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. एक तर त्या चुकीच्या समितीकडे जातात, नाहीतर नुसत्या तोंडी राहतात. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

पहिल्या आठवड्यात, काहीही घडलेलं नसताना

विभागाच्या आणि वसतिगृहाच्या भिंतीवर समित्यांचे फलक असतात. त्यांचा फोटो काढून ठेवा. मग कार्यालयात जाऊन विचारा, "अंतर्गत समितीच्या अध्यक्ष सध्या कोण आहेत? समान संधी कक्ष कुठे बसतो?" कारण सांगायची गरज नाही. फलकावरच्या नावावर विसंबू नका, कारण नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) भेट ठरली की फलक रंगवले जातात आणि नंतर तसेच राहतात. निवृत्त झालेल्या मॅडमचं नाव अजून अध्यक्ष म्हणून झळकताना दिसलं, तर नवल वाटून घेऊ नका.

रॅगिंगविरोधी हमीपत्र दरवर्षी विद्यार्थ्याने आणि पालकाने ऑनलाइन भरायचं असतं. पुष्कळ मुलं ते कॅफेवाल्याकडून भरून घेतात आणि त्यात ईमेलही त्याचाच पडतो. असं करू नका. स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर घाला आणि येणारा नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, या सगळ्याच्या स्कॅन प्रती स्वतःकडे हव्यात. मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. "ओरिजिनल जमा करा" असं सांगितलं, तर "तपासून परत द्या, हव्या तेवढ्या झेरॉक्स देतो" असं नम्रपणे म्हणा. कागद अडकले की माणूस अडकतो, आणि तक्रार करायची वेळ आली तरी आधी कागदांचाच विचार मनात येतो.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की काम संपलं असं समजू नका. अर्ज तुमच्याकडून कॉलेजच्या लॉगिनवर जातो आणि बऱ्याचदा तिथेच पडून राहतो. दर पंधरवड्याला स्थिती पाहून स्क्रीनशॉट ठेवा.

कशाला भेदभाव म्हणायचं

"सर माझ्याशी नीट वागत नाहीत" ही भावना खरी असू शकते, पण समितीला त्यावर काम करता येत नाही. यूजीसीचे समतेविषयीचे २०१२ चे विनियम इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांत मोघम बोलणं कमी आणि प्रसंग जास्त आहेत. वर्गात एखाद्याची जात जाहीर करणं. "हे रिझर्व्हेशनवाले" असा शिक्का मारणं. प्रयोगशाळेत येऊ द्यायचं पण काम न देता नुसतं बसवून ठेवायचं. शिक्षकाला भेटायला एकाला अर्धा तास आणि दुसऱ्याला दोन मिनिटं. मेस, वाचनालय, मैदान, वसतिगृह इथे वेगळं बसवणं. गुणांत किंवा निकालात जाणूनबुजून हात आखडता घेणं. हे सगळं त्या विनियमांत आलेलं आहे. जात, धर्म, भाषा, वंश, लिंग आणि अपंगत्व ही त्यांतली कारणं.

आपल्याकडे हे सहसा थेट येत नाही. "आडनाव काय म्हणालात?" इथून सुरुवात होते. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर "मूळ गाव कुठलं?", मग "प्रवेशाला रँक किती होती?" रँकचा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण सगळ्यांसमोर एकालाच विचारला, की त्याचा हेतू वर्गाला बरोबर कळतो. डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातल्या, मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. मे २०१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून सतत अपमान होत असल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पायलच्या आई आणि हैदराबाद विद्यापीठातला दलित संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला, ज्याने २०१६ मध्ये आत्महत्या केली, त्याच्या आई यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१२ चे विनियम अस्तित्वात आहेत पण अंमलात नाहीत, हा तिचा गाभा होता. त्या रेट्यातून जानेवारी २०२६ मध्ये यूजीसीने नवे विनियम काढले. त्यांवरून देशभर वाद झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देऊन तोवर २०१२ चेच लागू राहतील असं सांगितलं. म्हणून इथे २०१२ च्याच विनियमांचा आधार घेतला आहे. तक्रार लिहिताना त्या दिवशी कोणते लागू आहेत, ते यूजीसीच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

दुसरा उपयोगी आधार रॅगिंगच्या नियमांत दडलेला आहे. २०१६ च्या दुरुस्तीने रॅगिंगची व्याख्या रुंदावली. रंग, वंश, धर्म, जात, लिंग (तृतीयपंथी धरून), लैंगिक कल, दिसणं, राष्ट्रीयत्व, प्रदेश, भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून विद्यार्थ्याला दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास रॅगिंगमध्ये मोडतो. वाळीत टाकणंसुद्धा. म्हणजे गडचिरोलीच्या मुलाच्या बोलण्याची रोज नक्कल करणं, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने इंग्रजीत प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून हसणं, हे "चालतंच हो" या सदरात बसत नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. पुण्यात शिकणाऱ्या मणिपूरच्या मुलीला तिच्या डोळ्यांवरून चिडवणारा किंवा बिहारच्या मुलाला "भैय्या" म्हणून हिणवणारा मराठी मुलगाही याच व्याख्येत येतो.

उलट बाजूही पाहा. सगळ्यांनाच कमी गुण देणारे, सगळ्यांवरच खेकसणारे सर त्रासदायक असतील, पण तो भेदभाव नव्हे. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. याच परिस्थितीत दुसऱ्याशी ते कसे वागले? तुमच्याकडे या प्रश्नाचं उदाहरणासह उत्तर असेल, तर तक्रारीला पाया आहे.

कुठलं प्रकरण कुणाकडे

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. प्राचार्य, विभागप्रमुख किंवा एखादे "समजूतदार सर" हे समितीला पर्याय नाहीत. त्यांना सांगायला हरकत नाही, पण अर्ज समितीकडेच हवा. २०१३ च्या कायद्यानुसार आणि यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांनुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. विनियम मुलांच्या आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या तक्रारींचाही विचार करतात, हे अनेक मुलग्यांना माहीत नसतं. समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती लागते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख समितीत बसू शकत नाहीत. प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी-सदस्य हवेत आणि तेही निवडून आलेले. प्रत्यक्षात अनेकदा "सरांनी सांगितलेली मुलं" बसवलेली असतात. समितीची रचनाच चुकलेली दिसली, तर तो मुद्दा पहिल्याच अर्जात लेखी मांडा. निकाल विरोधात गेल्यावर मांडलात तर तो रडीचा डाव वाटतो.

रॅगिंगसाठी संस्थेची समिती आहेच, शिवाय १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्याला काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या संस्थेत प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. हे न करणाऱ्या प्रमुखाने गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो. अर्जात या तरतुदीचा नुसता उल्लेख केला, तरी फाइल लवकर हलते.

शिक्षक, मार्गदर्शक, वॉर्डन किंवा कार्यालय यांच्याकडून जात, धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व यावरून भेदभाव झाला, तर समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी. हा अधिकारी विद्यापीठात प्राध्यापकाच्या आणि महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकाच्या खालच्या दर्जाचा नसावा, आणि तक्रारीचा निर्णय साठ दिवसांत व्हावा. त्यावरचं अपील संस्थाप्रमुखाकडे. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी एक प्रत त्यांच्या स्वतंत्र कक्षालाही द्यावी.

गुणपत्रिका अडवली, फी जास्त घेतली, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे पाठवला नाही, प्रवेशात आरक्षण पाळलं नाही, अशा गोष्टी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातात. २०२३ च्या विनियमांनुसार तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं आणि त्यांनी तीस दिवसांत निकाली काढायचं असतं. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात, म्हणजे कॉलेजच्या रोजच्या गटबाजीपासून जरा लांबचे. नव्या मुलांना हे पद असतं हेच ठाऊक नसतं, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी वापरलं जाणारं दार हेच.

एकच प्रसंग दोन ठिकाणी बसतो, तेव्हा गोंधळू नका. वसतिगृहात सीनियर जातीवरून टोमणे मारत असतील तर ते रॅगिंगही आहे आणि भेदभावही. दोन्हीकडे अर्ज द्या आणि प्रत्येकावर "प्रत : अमुक समितीस माहितीस्तव" असं लिहा. म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत.

अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळा मुद्दा

इथे तक्रारीच्या आधी मागणी येते. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि शासकीय व अनुदानित उच्चशिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ हा हक्क आहे, विभागाची मेहेरबानी नव्हे. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व म्हणून लेखनिक नाकारला, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा विकास कुमार निकाल दाखवा. हात आखडण्याच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराच्या बाजूने तो लागला होता. मागणीचा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या. हॉल तिकीट आल्यावर दिलेला अर्ज "आता वेळ नाही" म्हणून परत येतो. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हीसुद्धा लेखी मागणी करण्याजोगी बाब आहे. वर्ग तळमजल्यावर हलवायला पैसा लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं.

अर्ज कसा लिहायचा

मराठीत लिहा. इंग्रजीतच हवा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लांबलचक पार्श्वभूमी, संविधानाची कलमं, "मी गरीब घरातला" वगैरे नको. तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय म्हणाले, कोण हजर होतं आणि तुम्हाला काय हवं, एवढं पुरे. बोललेले शब्द जसेच्या तसे, अवतरणात लिहा. शब्द घाण असले तरी सौम्य करू नका. "जातीवाचक बोलले" या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. एक नमुना असा :

"दि. १२ ऑगस्ट रोजी सकाळी ११ च्या सुमारास रसायनशास्त्र प्रयोगशाळेत अमुक सरांनी माझ्या गटातील इतर तिघांना प्रयोगाचे साहित्य दिले व मला '…' असे म्हणून बाजूला बसण्यास सांगितले. मी दुपारी १ पर्यंत बसून होतो. असे यापूर्वी २९ जुलै व ५ ऑगस्ट रोजीही झाले आहे. अमुक व तमुक हे विद्यार्थी हजर होते. मला प्रयोग पुन्हा करू द्यावा, माझ्या अंतर्गत गुणांचे मूल्यमापन दुसऱ्या शिक्षकांकडून व्हावे आणि चौकशी व्हावी, ही विनंती."

यात शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. "योग्य ती कारवाई व्हावी" असं लिहिलंत, तर योग्य काय ते तेच ठरवतात.

अर्जाच्या दोन प्रती घेऊन आवक-जावक विभागात जा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच म्हणजे तुमची अर्धी लढाई. सगळ्या मुदती त्या तारखेपासून मोजल्या जातात. बाबूने "साहेब आल्यावर या" म्हणून टोलवलं, तर त्याच दिवशी ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. व्हॉट्सअॅपचे मेसेज असतील तर नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मूळ चॅट पुसू नका, फोन बदलायचा झाला तर आधी बॅकअप घ्या. साक्षीदार मित्रांना अर्जावर सही करायची भीती वाटत असेल, तर निदान पाहिलेलं त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवर लिहून ठेवायला सांगा.

अर्ज दिल्यानंतर

दोन-तीन दिवसांत कुणीतरी चहाला बोलावतं. "मिटवून टाका, तुमचं करिअर आहे." मिटवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. लैंगिक छळाच्या प्रकरणात तडजोडीची मागणी फक्त तक्रारदाराकडून येऊ शकते आणि पैसे हा तडजोडीचा आधार असू शकत नाही. दुसरी भीती घालतात ती खोट्या तक्रारीची. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. दुष्ट हेतू वेगळा सिद्ध करावा लागतो.

चौकशी चालू असताना अंतरिम सोय लेखी मागता येते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनी तुमचा पेपर तपासू नये, तुमच्या कामावर अहवाल देऊ नये, संपर्क करू नये, असे आदेश अंतर्गत समितीच्या शिफारशीवरून निघू शकतात. तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते. पीएच.डी. करणाऱ्यांना याची सर्वाधिक गरज पडते, कारण त्यांचा फेलोशिपचा हजेरीपटही मार्गदर्शकाच्या सहीवर चालतो. या समितीची चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, दहा दिवसांत अहवाल, पुढच्या तीस दिवसांत कारवाई. तारखा वहीत लिहा आणि मुदत उलटली की दोन ओळींचं स्मरणपत्र द्या, अर्थात पोच घेऊन.

लैंगिक छळाच्या प्रकरणांत नावं जाहीर करायला कायद्याची बंदी आहे, तेव्हा वर्गाच्या ग्रुपवर काही टाकू नका. राग कितीही आला तरी. त्या एका मेसेजवर समोरचा वकील पुढे महिनाभर बोलत राहतो.

या काळात झोप उडते, अभ्यास होत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

संस्थेच्या बाहेर

मारहाण, धमकी, लैंगिक अत्याचार असेल तर समितीची वाट न पाहता ११२ ला फोन करा. समितीची चौकशी आणि पोलिसांचा तपास सोबत चालू शकतात. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याचा लोकांसमोर जातीवरून हेतुपुरस्सर अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीतल्या कलम १८-अ मध्ये आहे. ठाण्यात "आधी चौकशी करू" असं म्हणाले, तर या कलमाचं नाव घ्या. या कायद्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. "लोकांसमोर" हा शब्द इथे कळीचा आहे, त्यामुळे कोण कोण ऐकत होतं ते अर्जात नावानिशी लिहा.

वकिलाची फी परवडणार नाही म्हणून थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००.

आणि तक्रार देऊन महिनोन्‌महिने काहीच हललं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शासकीय विद्यापीठं आणि अनुदानित महाविद्यालयं या कायद्याखाली येतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "माझ्यावर अन्याय का झाला" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. असं विचारा : "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी. समितीच्या बैठकीच्या तारखा व इतिवृत्ताची प्रत द्यावी. सदर अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्यांचे पदनाम द्यावे." उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. बऱ्याचदा ती संपायच्या आतच समितीची पहिली बैठक लागते.